खूण पटल्याशिवाय नाही

आमच्या वस्तीच्या ग्रुपवर सकाळी कोणी लिहिलं, की कापून ठेवलेल्या कांद्यात रात्रभरात विष तयार होतं, तर चहा उतू जायच्या आत खाली एक शब्द येऊन पडतो. 'कशावरून?' मागेपुढे नमस्कार नाही, फूल नाही, हसरा चेहरा नाही. शब्द वाचून अर्धी वस्ती कपाळाला हात लावते आणि उरलेली अर्धी फोन उपडा ठेवते.

त्या शब्दाच्या मालकिणीलाच सगळे 'कशावरून' म्हणतात. पाठीमागे, अर्थात. तोंडावर ताई.

ग्रुप मी काढलेला आहे. नळाला पाणी येत नव्हतं, तेव्हा मोर्चाची वेळ कळवायला काढला होता. आम्ही पाइपलाइन बदलून घेतली. कशी घेतली ते साहेब लोकांना विचारा, त्यांच्या खुर्च्या अजून गरम असतील. पाणी आलं, भांडण संपलं, पण ग्रुप कोणी सोडेना. मोर्चा पांगल्यावर माणसं कोपऱ्यावर रेंगाळतात, तशी ती तिथेच रेंगाळली. आणि बोलायला विषय उरला नाही की माणूस तब्येतीवर येतो. कुठल्या कुशीवर झोपावं, कुठल्या भांड्यातलं पाणी प्यावं, फोन उशाशी ठेवला तर डोक्याचं काय होतं. जो तो डॉक्टर. शिकले-सवरलेले त्यात पुढे. मी सातवीतून शाळा सोडलेली बाई, जे शिकले ते रस्त्यावर आणि रद्दीतल्या कागदांवर, पण आलेलं पत्रक दोनदा वाचल्याशिवाय पुढे देत नाही. ही माणसं न वाचता पुढे ढकलतात आणि वर मलाच सांगतात, 'त्या बाईला काढा ग्रुपमधून, वातावरण बिघडवते.'

ताई नोकरीला होत्या बसस्थानकावर, हरवलेल्या सामानाच्या खोलीत. फलाट संपतो तिथे जिन्याखाली एक खोली, लोखंडी मांडण्या, एक जाळीची खिडकी आणि जाळीला मध्ये डोक्याएवढं भोक. बसमध्ये राहिलेलं सगळं तिथे यायचं. छत्र्या, डबे, चष्मे, एकेक चप्पल, एकदा तर अख्खी खिडकीची चौकट. मग लोक यायचे आणि म्हणायचे, "माझी काळी छत्री राहिली." ताई वस्तू दाखवायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "तुमची आहे कशावरून?" माणूस चिडायचा. काळी आहे, वाकडी मूठ आहे, आणखी काय पाहिजे? ताई शांतपणे म्हणायच्या, "काळ्या, वाकड्या मुठीच्या भरपूर आहेत. तुमचीच कशी ओळखायची?"

त्यांचं म्हणणं असं, की लबाड माणूस धडाधड वर्णन सांगतो आणि खरा मालक अडखळतो. आपल्याच वस्तूकडे त्याने कधी नीट बघितलेलं नसतं. मग त्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि आठवू द्यायचं. कधीतरी तो म्हणतो, "अहो, उघडताना ती एका बाजूला अडकते, तिथे हाताने ढकलावं लागतं." संपलं. खूण पटली. छत्री द्यायची.

"आणि नाही आठवलं तर?" मी एकदा विचारलं होतं.

"तर छत्री राहते."

"आणि माणूस?"

"माणूस भिजत जातो," ताई म्हणाल्या, "पण दुसऱ्याची छत्री घेऊन जात नाही."

अशा खोलीत आयुष्य काढलेल्या बाईसमोर तुम्ही सकाळी सकाळी कांद्यातलं विष मांडता. दुसरं काय होणार?

ग्रुपवरच्या तक्रारी फार झाल्या तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. बोलू म्हटलं जरा. दोन खोल्यांचं घर, लखलखीत, इतकं की बसावं कुठे कळेना. टेबलाला दोन खुर्च्या. एकीवर ताई बसत आणि दुसरीवर फोन चार्जिंगला लावलेला, उशी ठेवून, पाहुणा बसवल्यासारखा. भिंतीला त्यांच्या आईचा फोटो. आई गेल्यापासून त्या घरात एकच ताट लागतं. भाऊ दुसऱ्या शहरात.

"भावाकडे जात नाही का?" मी विचारलं.

"जाते की. बोलावलं की."

"बोलावतो कधी?"

ताईंनी कप माझ्यापुढे सरकवला. "घरच्यांचा ग्रुप होता आमचा. भावजयीने लिहिलं, बाळाच्या उशाखाली कात्री ठेवली की बाळ दचकत नाही. मी विचारलं, कशावरून. आणि कात्री लागली तर? तिने काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मी ग्रुपमध्ये नव्हते."

"मग भावाला फोन करून झापायचा ना! मी असते तर दारात जाऊन..."

"तू असतीस," ताई म्हणाल्या. "मी विचारते, झापत नाही."

मी आले होते, जरा कमी विचारत जा म्हणून सांगायला. आता कुठल्या तोंडाने सांगणार? तरी चाचपून बघितलं. "ताई, लोक कंटाळतात हो. एखादं सोडून द्यायला काय होतं?"

त्यांनी खुर्चीवरच्या फोनकडे बघितलं. "सकाळी उठते, झाडते, पुसते, आंघोळ करते. भाजीवाला वजन सांगतो, मी पिशवी पुढे करते. त्यानंतर दिवसभरात माझ्याशी जे काही बोलतं ते हा फोन, एवढंच. शिव्या दिल्या तरी चालतात गं. पण मी विचारते आणि कोणीतरी मला उत्तर देतं. ते बंद झालं तर मी बोलायचं कोणाशी?"

मी उठले. जाताना म्हटलं, "ग्रुप माझा आहे. तुम्हाला काढायची कोणाची छाती आहे बघते."

उत्तर देणारं कोणीतरी म्हणजे मुख्यतः एकच माणूस होता. गाडीमास्तर.

मास्तरांनी अर्ध्या वस्तीला गाडी शिकवलेली. आयुष्यभर शेजारच्या सीटवर बसून, हाताची घडी घालून, 'क्लच हळू, क्लच हळू' करत. अशा माणसाला जगात कशाबद्दलच शंका नसते. म्हातारपणी गाडी सुटली, मग ते ग्रुपवर आले आणि आम्हा सगळ्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. रोज सकाळी एक दावा.

'उभं राहून पाणी प्यायलं की गुडघे झिजतात.'

'कशावरून?'

'माझ्या काकांचे झिजले.'

'काका बसून प्यायले असते तर झिजले नसते, हे कशावरून?'

'बाई, काका आता या जगात नाहीत.'

'म्हणजे साक्षीदारही गेला.'

मग मास्तर तापायचे. 'तुम्ही भर रस्त्यात ब्रेक मारता!' ताई लिहायच्या, 'समोर माणूस असला तर मारावाच लागतो.' दुपारपर्यंत हे चालायचं. बाकीचे 'अहो, पुरे आता' म्हणून थकायचे. हे दोघं थकायचे नाहीत. मास्तर हरायला आले की त्यांना 'छत्रीबाई' म्हणायचे, कारण ताईंनी एकदा वादात ती छत्रीची गोष्ट लिहिली होती. 'छत्रीबाई, रिव्हर्स घेतोय. पण आरशात बघून घेतोय, समजून असा.'

ताईच दर वेळी जिंकायच्या असंही नाही. एकदा मास्तरांनी लिहिलं, गाडी लांब पळवली की टायरमधली हवा तापते आणि दाब वाढतो, म्हणून हवा गाडी थंड असताना मोजावी. ताई नेहमीप्रमाणे आडव्या आल्या. मास्तरांनी कोणाला तरी गाडी काढायला लावली, आधी मोजलं, फिरवून आणून पुन्हा मोजलं, काट्याचे दोन्ही फोटो टाकले. ताईंचं उत्तर आलं, 'पटलं. दावा मंजूर. सामान घेऊन जा.' मास्तरांनी ते उत्तर आठवडाभर मिरवलं.

गंमत म्हणजे दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. ते पलीकडच्या गल्लीतले, ह्या अलीकडच्या. ताईंच्या फोटोच्या जागी रिकामी मांडणी, मास्तरांच्या फोटोच्या जागी स्टिअरिंग. मी म्हणायची, "जाऊन भांडा की एकदा समोरासमोर." ताई म्हणायच्या, "कशाला? समोर माणूस बघितला की भीड पडते."

मग एक दिवस सकाळी दावा आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. ग्रुपला हायसं वाटलं. दुधवाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या, एकाचं मांजर हरवलं, सापडलं. दोनचार दिवस गेले तेव्हा ताईंनी लिहिलं, 'आज दावा नाही?' कोणी उत्तर दिलं नाही. कोणाला विचारलंय तेच कोणाला कळलं नसावं. ताई कधीही पहिला शब्द टाकणाऱ्या नव्हत्या. माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी त्यांचा फोन. "मास्तर राहतात कुठे, माहिती आहे?"

"आहे."

"मला घेऊन चल."

ताई इस्त्रीची साडी नेसून आल्या. हातात छत्री. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. जिना चढताना त्या दोनदा थांबल्या, दम लागला म्हणून नव्हे.

दार सुनेने उघडलं. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच, हात कणकेचे, चेहऱ्यावर दिवसभराची दमणूक. मला ती ओळखत होती. मी ताईंकडे बोट करून सांगितलं, "ह्या ग्रुपवरच्या ताई. मास्तरांना भेटायला आल्यात."

"म्हणजे 'कशावरून'?" तिच्या तोंडून निघून गेलं. मग ती दारात नीट उभी राहिली, दार अंगाशी ओढून. "हे बघा काकू, राग मानू नका. बाबांना चक्कर आली होती मागच्या आठवड्यात. रक्तदाब केवढा वाढलेला. डॉक्टर म्हणाले, उत्तेजित होऊ द्यायचं नाही. मी ऑफिसात, हे ऑफिसात, आणि बाबा इथे एकटे फोनवर तावातावाने टाइप करतायत. जेवण थंड होतं तरी लक्ष नाही. मी फोन कपाटात ठेवून दिलाय."

माझं डोकं सटकलं. "कपाटात? शाळकरी पोर आहेत का ते, फोन काढून घ्यायला? मोठा माणूस आहे, त्याला विचारलंत? सोन्याच्या पिंजऱ्यात..."

"तुम्ही येता का त्यांना दवाखान्यात न्यायला?" सूनही काही कमी नव्हती. "भाषण सोपं असतं, काकू."

"थांब गं," ताई मला म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. फार हळू बोलल्या. "आम्ही नुसतं बोलत होतो. त्यांना त्रास व्हावा असं माझ्या मनात कधी नव्हतं. माझ्यामुळे नसेल वाढलं ते."

"कशावरून?" सून म्हणाली.

तिने ते टोमण्याने म्हटलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. तिला ते कोणीतरी खात्रीने सांगितलं असतं तर हवंच होतं. ताई तिथे जाळीच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असल्यासारख्या दिसल्या.

"ते मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "तुमचं बरोबर आहे. फोन राहू द्या कपाटात."

आत कोणीतरी खोकलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताईंनी मान वर केली. इतकी वर्षं त्या माणसाशी भांडण केलं आणि त्याचा आवाज ऐकला तो एवढाच.

"कोण आहे गं?" असं आतून कोणी विचारेल म्हणून मी थांबले. कोणी विचारलं नाही. सून म्हणाली, "बरं मग," आणि दार लागलं.

खाली उतरताना ताई म्हणाल्या, "तो खोकला त्यांचाच होता कशावरून?"

"मग कोणाचा? भुताचा?"

"मुलगा घरी असेल."

"मुलगा ऑफिसात आहे म्हणाली ना ती."

"हां," ताई म्हणाल्या. "म्हणाली खरी." गल्लीच्या वळणावर त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि सरळ निघून गेल्या. चहाला ये, असंही म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर ग्रुपवर कशावरून येईना. लोकांनी कांद्यात विष कालवलं, लिंबाने डोळे धुतले, फोन उशाशी ठेवून मेंदू वितळवले, कोणी अडवलं नाही. सगळे खूश. मला एकाने लिहिलं, 'तुम्ही बोललात वाटतं त्यांच्याशी, आभारी आहे.' मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही.

आणि मग एका सकाळी, मास्तरांच्या वेळेला, ताईंचा मजकूर आला. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला.

'झोपताना मोजे उलटे घातले की सर्दी होत नाही.'

मला वाटलं, फोन चोरीला गेला. दिवसभर मी पाणी खात्याच्या कचेरीत एका साहेबाशी हुज्जत घालत होते, मधूनमधून फोन बघत होते. अंगठे येत होते. अंगठा, अंगठा, फूल, जोडलेले हात. 'छान माहिती.' 'आमची आजीपण हेच सांगायची.' 'पुढे पाठवतोय.' अख्ख्या वस्तीत एकाही माणसाने तो एक शब्द लिहिला नाही, जो त्या बाईने आम्हाला रोज फुकट शिकवला होता.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या आपल्या खुर्चीवर, फोन समोरच्या खुर्चीवर.

"काय चाललंय हे? मोजे?"

"सकाळी सुचलं," ताई म्हणाल्या. "पायात चढवताना."

"खोटं आहे ना?"

"हो. कशाचा कशाशी संबंध नाही." त्यांनी फोन उचलला, बघितला, परत उशीवर ठेवला. "मला वाटलं, कोणीतरी विचारेल. मास्तरांच्या जागी मी बसते, माझ्या जागी कोणीतरी येईल. कोणीच आलं नाही गं."

"मी विचारते की! आत्ता लिहिते."

"तू विचारून काय उपयोग? तुला माहीत आहे ते खोटं आहे." मग माझा चेहरा बघून त्यांनी जरा सांभाळून घेतलं. "तुझा राग नाही. पण दया म्हणून विचारलेलं मला कळतं. मी खिडकीला बसलेली बाई आहे."

आयुष्यात फार कमी लोकांनी मला गप्प बसवलंय. या बाईने दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका आईने ग्रुपवर लिहिलं, 'ताई, धन्यवाद. रात्री मुलाला उलटे मोजे घातले, सकाळी नाक मोकळं. तुमचे फार उपकार.' ग्रुपमध्ये ताईंचे कोणी आभार मानले ते त्या दिवशी पहिल्यांदा. आणि त्याच सकाळी तोच मजकूर त्यांच्याकडे भावजयीकडून परत आला, कुठून कुठून फिरून, शेवटी कोणीतरी 'मोठ्या डॉक्टरांचा सल्ला' असं जोडलेला. खाली भावजयीने स्वतः लिहिलं होतं, 'तुम्हाला उपयोगी पडेल.' कात्रीनंतर तिचा हा पहिलाच शब्द.

ताईंनी मला नंतर तो दाखवला. म्हणाल्या, "काय लिहू तिला?"

"लिहा, डॉक्टर मीच."

त्या हसल्या. खूप दिवसांनी. पण हसू पुरतं उमटायच्या आत मावळलं. खुर्ची ओढून बसल्या आणि आधी भावजयीला लिहिलं, मग ग्रुपवर: 'काल लिहिलेलं मोज्यांचं खोटं आहे. मी स्वतः रचलं. त्याला काहीही पुरावा नाही. ज्यांनी पुढे पाठवलं त्यांनी तसं कळवावं.'

आणि आता बघा मजा. ताट वाजवल्यासारखा फोन वाजायला लागला.

'खोटं कशावरून?'

'माझ्या नाकाला फरक पडला त्याचं काय?'

'काल खरं होतं, आज खोटं कसं झालं?'

'विज्ञानाला सगळं कळतं, हे तरी कशावरून?' हा पेपरवाला.

'तुम्हाला कोणी दम दिलाय का, ताई? घाबरू नका, आम्ही आहोत.' हा एक नवाच.

मी पोट धरून हसले. "घ्या! मागितलं होतंत ना? सगळी वस्ती विचारतेय!"

ताईंनी एकेकाला उत्तर दिलं. खिडकीवर रांग लागल्यासारखं, न चिडता, क्रमाने. तुमच्या मुलाची सर्दी किती दिवसांची होती? आपोआप गेली नसेल कशावरून? न घालता पाहिलंत का? दुपारपर्यंत बोटं दुखायला लागली तेव्हा फोन उशीवर ठेवला.

"खूश?" मी म्हटलं.

"हे विचारत नाहीयेत," ताई म्हणाल्या. "ह्यांना फक्त मोजे सोडायचे नाहीत."

चारपाच जण ग्रुप सोडून गेले. बाकीच्यांनी मला सांगितलं, आता तरी काढा त्यांना, अफवा पसरवतात. मी लिहिलं, 'ज्याला जायचं त्याने जावं, दार उघडं आहे, जाताना पाण्याचा नळ काढून ठेवावा.' मग सगळे चिडीचूप. दोन दिवसांत विषय बदलून पार्किंगवर गेला आणि ताईंच्या समोरची खुर्ची पुन्हा तशीच.

त्या आठवड्यात मी आणि ताई औषधाच्या दुकानात उभ्या होतो. त्यांना डोळ्यांत घालायचे थेंब हवे होते. पुढे मास्तरांची सून, चिठ्ठी काउंटरवर ठेवून. तिने आम्हाला बघितलं, मान वळवली, पुन्हा बघितलं. मी मनात दात-ओठ खात होते. ताई छताच्या पंख्याकडे बघत होत्या.

औषधवाला आत बाटली शोधायला गेला तशी सून मागे वळली.

"काकू, ते मोज्यांचं तुम्हीच लिहिलं होतं ना?"

"हो. खोटं होतं. तसं कळवलंय."

"ते वाचलं मी. ते नाही..." ती जरा अडखळली. "झालं काय, त्या दिवशी जेवताना मी ते तुमच्या नावासकट बाबांना वाचून दाखवलं. सहज. सगळ्यांनी छान छान म्हटलं होतं, म्हटलं ह्याच्यात काही भांडणाचं नाही. बाबांनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, कशावरून?"

ताईंची नजर पंख्यावरून खाली आली.

"मी तुम्हाला कळवलं नाही," सून म्हणाली. "म्हटलं, पुन्हा सुरू होईल. त्यांना म्हटलं, जेवा आता."

"स्वतः ऐकलंत?" ताईंनी विचारलं. आवाज एकदम वेगळा, कोरडा, कामाचा. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. जाळीमागचा असणार.

"समोर बसले होते मी."

"नंतर दाब मोजलात?"

सून क्षणभर गोंधळली. "मोजला. घाबरून लगेच मोजला."

"किती?"

"होता तेवढाच. काही फरक नव्हता." आणि हे बोलताना तिला स्वतःलाच काहीतरी नव्याने ऐकू आल्यासारखं वाटलं.

मी तोंड उघडणार होते. ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या अजून खिडकीतच होत्या.

"आणखी काही म्हणाले? नीट आठवा. घाई नाही."

सून कपाळावर आठ्या घालून उभी राहिली. औषधवाला बाटली घेऊन आला, तिच्यासमोर ठेवली, तिचं लक्ष नव्हतं.

"म्हणाले... हां. म्हणाले, छत्रीबाई असं लिहायची नाही. तिचा फोन कोणाच्या तरी हातात पडलाय, नाहीतर तिला बरं नाहीये. जा, कोणीतरी जाऊन बघा. दोनदा म्हणाले. मी म्हटलं, हो बघू." तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "मला कुठे माहीत, हे छत्रीबाई काय प्रकरण. आणि वेळही नव्हता हो, काकू."

ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला, तसाच हातात धरला.

"पुढचं कोण?" औषधवाला ओरडला.

आमचाच नंबर होता. ताई हलल्या नाहीत.

"परत सांगा," त्या सुनेला म्हणाल्या. "जसं म्हणाले तसं. पहिल्यापासून."